दोन वयांचा डोंगर

६ जानेवारी

या हातांनी आजवर केलेलं, आठवेल तसं —

पंपांच्या कवचांचे पॅटर्न, तीनशे अकरा. व्हॉल्व्हचे मोजले नाहीत. हजाराच्या आत नसतील. दातेरी चाकं, लहानात लहान नऊ दातांचं, मोठ्यात मोठं एकशे चव्वेचाळीस. एका शाळेच्या घंटेचा पॅटर्न. घंटा अजून वाजते. मुद्दाम वाट वाकडी करून ऐकून येतो. माझ्या बाकावरची लांब पट्टी, खुणांसकट. घरात: पलंग, कपाट, लेकीचा पाळणा, ज्यावर हे लिहितोय ते टेबल (डुगडुगत नाही), हिची शिलाईची पेटी — चौदा कप्पे, एकही खिळा नाही. स्वयंपाकघरातलं स्टूल. स्टूल दोनदा केलं; पहिल्यावर ही चढली की मी धावत जाऊन धरायचो.

हे सगळं आजच का? तर पेन्शन फंडाच्या फॉर्मवर एक रकाना आहे: "कामाचे स्वरूप — एका ओळीत." एका ओळीत! चौतीस वर्षं! काउंटरवरच्याने विचारलं, "पॅटर्नमेकर म्हणजे कपड्यांचे का?" शांतपणे सांगितलं — जी वस्तू लोखंडात ओतायची ती आधी लाकडात करायची. ती वाळूत दाबतात, अलगद काढून घेतात, आणि मागे राहिलेल्या पोकळीत लोखंड ओततात. "म्हणजे सुतार," म्हणाला, आणि लिहूनही टाकलं. खोडायला लावलं.

३१ मार्चला आमचं पॅटर्न शॉप बंद. पुढे पॅटर्न मशीनच कोरणार, पडद्यावरचं चित्र बघून. भट्टीपण त्याच दिवशी थंड. आम्ही अडतीस जण मोकळे. ३० मार्चपर्यंत तिनांतलं एक निवडून सही द्यायची:

अ — रोख, एकदाच, सत्तावीस लाख चाळीस हजार.
ब — दरमहा अठरा हजार दोनशे, मी असेपर्यंत.
क — दरमहा चौदा हजार नऊशे, आम्हा नवराबायकोपैकी कुणीही एक असेपर्यंत.

आणि खाली बारीक अक्षरात: "तिन्ही पर्याय विमागणिताच्या दृष्टीने समतुल्य आहेत."

तीन वेगळ्या वस्तू, आणि म्हणे वजन एकच! कुणी ठरवलं? दुसऱ्याने घेतलेलं माप मी आजवर तपासल्याशिवाय वापरलेलं नाही.

७ जानेवारी

तसं माझं ठरलेलंच आहे. रोख. गाळा साडेअठरा लाख. लेथ तीन लाख वीस हजार — जुनी आहे, पण खालचा लोखंडी बेड सरळ, स्वतः तपासलाय. बँडसॉ एक लाख चाळीस. उरलेल्यात लाकूड, वीज, पाटी आणि पहिलं वर्ष. स्वतःचं दुकान! चौतीस वर्षं दुसऱ्याच्या बाकावर उभा राहिलो.

हिला सांगितलं. "पाटीवर काय लिहायचं ते ठरलं का?" एवढंच विचारलं तिने.

ठरलंय. सांगितलं नाही.

११ जानेवारी

जुन्या पुस्तकांच्या दुकानात हवं ते मिळालं. आयुर्विमा आणि पेन्शनचं उच्च गणित. सहाशे बारा पानं, परक्या भाषेत. शब्दकोश घरात आहे.

दुकानदार म्हणाला, "मुलासाठी का?" म्हटलं, माझ्यासाठी. "परीक्षा आहे?" आहे म्हटलं. तीस मार्चला.

१५ जानेवारी

चार दिवसांत अकरा पानं. शाळा नववीला सुटली, गणित काही सुटलं नाही — दातेरी चाकं करायची तर साइन-कोसाइन लागतंच. ते फाउंड्रीतल्या एका जुन्या वहीवरून शिकलो. पण इथे पानोपानी लांब मान काढून उभं असलेलं एक चिन्ह आहे, त्याच्यापुढे हात टेकले.

ही बटणं लावत शेजारी बसली होती. "एवढं काय बघताय त्याच्याकडे?"

"काही बोलत नाही गं."

"मग तुमच्यासारखंच आहे. थोडा वेळ द्या."

२२ जानेवारी

सापडलं! ते चिन्ह म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, रेषेखालची जागा. क्षेत्रफळ! मग कशाला घाबरायचं? वाकडी रेषा जाड पुठ्ठ्यावर काढली, पटाशीने कापली, हिच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. त्याच पुठ्ठ्याचा दहा बाय दहाचा चौकोन कापून तोही तोलला. भागाकार केला. पुस्तकातलं उत्तर १२.४०, माझं १२.३७. तीन शतांशांचा फरक — तो काट्याचा, माझा नाही.

ही डब्यातलं पीठ मोजायला आली तर काटा अडलेला. "आज काय शिजतंय?"

"पेन्शन."

"मीठ बघून घाला," म्हणाली.

२ फेब्रुवारी

मृत्युसारणी. या पुस्तकाचं काळीज हेच. वरच्या ओळीत एक लाख जन्मलेली मुलं, आणि मग ओळीओळीने, एकेक वर्षाने, किती उरले. नुसते आकडे.

हिला दाखवलं. तिने बोट ठेवलं. "तुमच्या छप्पनला किती उरलेत?"

"अठ्ठ्याऐंशी हजार चारशे."

"मग चांगलं चाललंय की आपलं!" बोट खाली खाली नेत तळाला गेली. एकशे एक वर्षं: एकवीस. "कोण असतील हो ही एकवीस?"

म्हटलं, खरी माणसं नाहीत ती, हिशेबासाठी धरलेली.

तरी चहा करताना पुन्हा विचारलंच तिने: "त्या एकवीस जणांना चहा कोण करून देत असेल?"

४ फेब्रुवारी

पुस्तकात एक शब्द आहे: मृत्यूचा जोर. वय वाढतं तसा तो चढत जातो. जेवणाच्या सुट्टीत फुंकणीला समजावून सांगितला. (फुंकणी म्हणजे आमचा भट्टीवाला. फुंकर मारल्यासारखा बोलतो, आणि बोलायचा थांबत नाही.) ऐकून म्हणाला, "म्हणजे जोर त्याने काढायचे आणि बैठका आपण?"

तो 'ब' घेणार. अठरा हजार दोनशे, सगळ्यात मोठा महिना. "मी गेल्यावर बायकोला कशाला पगार? जिवंतपणी देतोय तेवढा पुरे."

सगळे हसले. मीही.

९ फेब्रुवारी

'ब' समजला. एका माणसाचं आयुष्य — एक रेषा, पुठ्ठ्यावर मावते. पण 'क' मध्ये दोन माणसं. माझं वय एक, हिचं वय एक, आणि दोन्ही मिळून एक किंमत. दोघांपैकी शेवटचा जाईपर्यंत दरसाल एक रुपया द्यायचा, तर त्याची आजची किंमत किती? पुस्तक त्या आकड्याला वार्षिकीचा गुणक म्हणतं. माझं वय बदललं की तो बदलतो, हिचं बदललं की बदलतो. कागदाला लांबी आणि रुंदी. मला उंची पाहिजे.

मग सुचलं. अरे, मी कोण आहे? लाकडात करायचं!

१० फेब्रुवारी

पाइनच्या फळ्या एकावर एक सरसाने चिकटवल्या. एका कडेला माझं वय, पन्नास ते ऐंशी, वर्षाला एक सेंटिमीटर. दुसऱ्या कडेला हिचं, पंचेचाळीस ते ऐंशी. त्या त्या जागेची उंची म्हणजे गुणक. एकाला एक सेंटिमीटर. दर पाच वर्षांच्या छेदावर गणित करून उंची काढायची, मधलं रंध्याने जुळवून घ्यायचं. सात गुणिले आठ: छप्पन्न आकडे. माझ्या वयाइतके!

काम जेवणाच्या सुट्टीत, माझ्याच बाकावर. सुपरवायझरने बघून न बघितल्यासारखं केलं. आता कुणाला काय पडलंय.

१३ फेब्रुवारी

आकडे नऊ झाले. एकेकाला चाळीस मिनिटं.

१७ फेब्रुवारी

एकतीस. पस्तीसावा चुकला म्हणून एकतीसपासून पुन्हा.

२१ फेब्रुवारी

छप्पन्न. उतार जुळला. शेवटचा हात पॉलिश पेपरचा. डोळे मिटून बोट फिरवलं, कुठे अडलं नाही. चौतीस वर्षांत असं गुळगुळीत काम झालं नव्हतं, आणि यातून ओतायचं काहीच नाही!

घरी आणला. हिने कपाटावरची घडी केलेली चादर काढून जागा केली. "डोंगरच आहे हा." मग पेटीतून लाल डोक्याची टाचणी काढली. "आपण कुठे आहोत?" जागा दाखवली: माझे छप्पन, हिचे चोपन्न. टाचणी टोचली. म्हणाली, "हं. दिसतोय आपण."

दर वाढदिवसाला टाचणी एक घर पुढे जाणार, माझ्या वाढदिवसाला माझ्या बाजूने, हिच्या वाढदिवसाला हिच्या. वाट मात्र खालीच. तसं सांगितलं तर म्हणाली, "उतारच बरा. दम लागत नाही."

२४ फेब्रुवारी

पकडलं त्यांना!

टाचणीपाशी उंची मोजली. माझी पट्टी कामावर राहिली होती, हिच्या पेटीतली घेतली. पंधरा पूर्णांक अठ्ठेचाळीस. फंडाच्या कागदावरच्या तक्त्यात त्याच जागी पंधरा बत्तीस! म्हणजे 'क' मध्ये जी पेन्शन ते देऊ करतायत तिची खरी किंमत सत्तावीस लाख सदुसष्ट हजार आठशे चोवीस, आणि रोख घेणाऱ्याच्या हातावर ठेवतायत सत्तावीस चाळीस. माणशी जवळजवळ अठ्ठावीस हजार गायब! आणखी चार जागी मोजलं. प्रत्येक ठिकाणी त्यांचा आकडा कमी. एकदाही जास्त नाही!

नववी शिकलेल्या माणसाने धरलं.

२५ फेब्रुवारी

फंडाच्या विमागणितीला पत्र टाकलं. नम्र, पण आकड्यांत नम्रता नाही. फुंकणीने सगळीकडे बोभाटा करून टाकला. बाकाजवळून जाताना लोक मान लववतायत. फुंकणी म्हणतो, "मास्तर, अठ्ठावीस हजार मिळाले तर तुझा पुतळा उभारू. पॅटर्न तूच कर."

५ मार्च

बोलावलं होतं. डोंगर चादरीत गुंडाळून बसने नेला, मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, "पाळीव आहे का?"

विमागणिती म्हणजे पांढऱ्या केसांचा कुणीतरी असेल असं धरून चाललो होतो. निघाली तिशीची बाई. "या काका." मी कुणाचा काका! पण बसलो. चादर सोडली.

ती उठली, टेबलाला वळसा घालून आली, आणि डोंगरावरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाली, "हे मी सात वर्षं शिकले, काका. हात लावला नव्हता कधी."

मी म्हटलं, आकडे बघा.

तिने माझी वही घेतली. छप्पन्नच्या छप्पन्न आकडे आपल्या मशीनवर तपासले. पाऊण तास लागला. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. शेवटी म्हणाली, "वहीत एकही चूक नाही. आणि ते आमच्या आकड्यांशी जुळतात."

मग लाकूड का जुळत नाही? तिने आपली प्लॅस्टिकची पट्टी काढली. पाच जागी मोजलं, पाच भागाकार केले, कागद माझ्याकडे फिरवला. एक पूर्णांक शून्य एक. पाचही ठिकाणी.

"गणित चुकलं की कुठे कमी चुकतं, कुठे जास्त. सगळीकडे सारखं चुकायला पट्टी लागते. काका, उंची आखताना पट्टी कुठली घेतली होती?"

तिचं वाक्य संपायच्या आत कळलं मला.

लोखंड थंड होताना आक्रसतं, शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून आमची पट्टीच लांब असते. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा शंभरावा हिस्सा मोठा. बाकावर दुसरी पट्टी मी ठेवतच नाही. चौतीस वर्षं हात तिच्याकडेच जातो. आखलं त्या लांब पट्टीने, मोजलं हिच्या पट्टीने. थंड होऊन आक्रसणारं यात काही नव्हतंच!

सगळं सांगितलं तिला. लपवायचं काय? हसेल असं वाटलं. हसली नाही. "मी पट्टी कधी तपासलीच नसती," म्हणाली.

निघताना विचारलं, मग तिन्ही खरंच सारखे? "सरासरी माणसाला सारखे, काका. तुमच्या फाउंड्रीतली माणसं सरासरी आहेत का, ते मला माहीत नाही. तेवढे आकडे माझ्याकडे नाहीत."

६ मार्च

जेवणाच्या सुट्टीत उभा राहून सगळ्यांना सांगितलं. चूक माझी. फंडाचा हिशेब बरोबर. फुंकणी म्हणाला, "म्हणजे पुतळा रद्द?" म्हटलं, रद्द. "शंभराला एक लहान करून उभारू," म्हणाला.

बरं वाटलं. त्याला सांगितलं नाही.

७ मार्च

तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. तेवढे आकडे माझ्याकडे नाहीत. माझ्याकडे आहेत! पॅटर्न शॉपच्या भिंतीवर फोटो आहे, तीस वर्षांपूर्वीचा, पॅटर्न शॉप आणि भट्टी मिळून बावीस जण. मी दुसऱ्या ओळीत. काढून घरी आणला.

वाटलं, हजेरीपुस्तकं चाळावी लागतील. काही लागलं नाही. ही शेजारी बसली आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून सांगत गेली. "हे गेले लेकीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी. खोकला. हे त्यानंतर दोन वर्षांनी. हे जिन्यात कोसळले, मीच गेले होते पाणी घेऊन. हे आहेत, पण ऐकू येत नाही." हजेरीपुस्तकात हे कुठून असणार?

बावीसपैकी चौदा गेलेले. सारणीप्रमाणे नऊ जायला हवे होते. पुन्हा मोजलं. चौदाच.

मी वही मिटत होतो. ती म्हणाली, "आणि बायका?"

मी विचारलंच नव्हतं.

"चौदांपैकी अकराजणी आहेत. ह्यांची बायको बहिणीकडे राहते, बाहेरच्या खोलीत. ही दुसऱ्यांची मुलं सांभाळते, गुडघे गेलेत तरी. हिचं घर विकलं. ही परवा भेटली, माझ्याकडे शिवायला काही आहे का म्हणून विचारत होती." बोट उचललं. "ह्यांच्या नवऱ्यांनी काय घेतलं होतं हो? रोख?"

काहींनी रोख. काहींनी स्वतःपुरता मोठा महिना. 'क' घेतलेला एक. त्याचीच बायको स्वतःच्या घरात राहते.

फोटो भिंतीला टेकवून ठेवला. दुसऱ्या ओळीत मी हसतोय. केस भरपूर.

८ मार्च

डोंगराचं ठरवलं. शंभरावा हिस्सा उतरवायचा, टाचणीपाशी दीड मिलिमीटर. रंध्याला धार लावून बसलो. चुकीचं काम माझ्या हाताखालून कधी गेलेलं नाही.

हिने रंधा काढून घेतला. खरंच काढून घेतला, हातातून!

"शंभराला एक जास्त आहे ना?"

"चूक आहे ती."

"कमी असती तर मीच म्हटलं असतं, नीट करा. जास्त आहे. राहू दे."

म्हटलं, अगं, लाकूड जास्त म्हणून आयुष्य वाढत नाही!

"ते मला कळतंय. राहू दे."

रंधा तिच्या पेटीच्या खालच्या कप्प्यात गेला. तो कप्पा मीच केलाय, कुलपासकट.

१२ मार्च

लेथवाल्याकडे जाऊन आलो. दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणतो, महिनाअखेरीपर्यंत थांबेन. चाक हाताने फिरवून पाहिलं. काय आवाज! नुसतं तेल. परत येताना ज्या गाळ्यावर डोळा आहे त्याच्यापुढे उभा राहिलो. शटरवर ऊन होतं.

घरी आलो तर ही डोंगरापुढे बसलेली. म्हणाली, "रोख घ्या तुम्ही. तुम्ही थांबलाय ते माझ्यामुळे. मला दिसत नाही का?"

म्हटलं, तुझ्यामुळे नाही, गणितामुळे.

"गणित काय म्हणतं, मी मागे राहणार?"

"बहुतेक."

ती उठली. टाचणी उपटली आणि पुन्हा टोचली. चार घरं खाली. हिच्या बाजूने.

"अगं, अठ्ठावन्नावर लावलीस."

"हो."

मला काही उमजेना. मग तिने कपाटातून, साड्यांच्या खालून, एक पाकीट काढलं. शाळेचा दाखला. फंडाला मूळ दाखला हवा आहे म्हणून महिनाभर टाळाटाळ चालली होती, सापडत नाही, सापडत नाही. वर्ष वाचलं. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

ही माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे!

"लग्न ठरवताना मामांनी चार वर्षं खाली सांगितली. मग सगळ्या कागदांवर तेच गेलं. रोज म्हणायचे, आज सांगते, आज सांगते. एकतीस वर्षं झाली."

एकतीस वर्षं! चौदा कप्प्यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक मी चालवून घेतला नाही, आणि ज्या घरात राहतो तिथे चार वर्षांची चूक! मला पत्ता नाही!

"म्हणून सांगतेय," ती म्हणाली. "मी मोठी आहे. मी आधी जाणार. तुमचं गणित सुटलं. घ्या रोख, घ्या ती लेथ."

मला रागवायचं होतं. खरंच होतं. पण तोंडातून निघालं, "म्हणजे आता मी तुला अहो-जाहो करायचं का?"

"ताई नका म्हणू, म्हणजे झालं."

मग जे हसलो आम्ही! शेजारचे खिडकीत आले.

१३ मार्च

सकाळी उठून नवीन जागी मोजलं. आकडा वहीतून काढला, लाकडावरून नाही. माझे छप्पन, हिचे अठ्ठावन्न: चौदा पूर्णांक पंच्याऐंशी. विमागणिती बाईंना फोन केला. खरा दाखला जोडलात तर 'क' ची रक्कम बदलेल म्हणाल्या. चौदा हजार नऊशे नाही. पंधरा हजार तीनशे ऐंशी.

बायको मोठी, म्हणजे फंडाला कमी वर्षं द्यावं लागणार, म्हणून महिना जास्त. हिने मला 'अ' कडे ढकलायला तोंड उघडलं, आणि दरमहा चारशे ऐंशी 'क' च्या पारड्यात टाकून बसली!

दुसरं गणित दुपारी केलं. मागे कोण राहणार? सारणीप्रमाणे, हिचे अठ्ठावन्न धरूनसुद्धा, शंभरात त्रेसष्ट वेळा ही. आमच्या फोटोचे आकडे धरले तर त्याहून जास्त. किती ते काढलं. इथे लिहीत नाही.

हिला हे दुसरं गणित सांगितलं नाही. आपण आधी जाणार असं तिला वाटतंय. वाटू दे.

२७ मार्च

सही केली. क. दाखला जोडला. बाहेर पडून लेथवाल्याला फोन केला, दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाक म्हणून. "साहेब, अशी परत मिळायची नाही," म्हणाला. मलाही माहीत आहे.

घरी आल्यावर हिने हातातली पावती वाचली. रागावेल वाटलं. पातेलं घासत राहिली, स्वच्छ होतं तरी.

"पाटीवर काय लिहिणार होतात?" पाठमोरीच विचारलं.

"तुझं नाव."

पातेलं आणखी घासलं.

२९ मार्च

फुंकणी आला होता. घरी, चप्पल बाहेर काढून, गंभीर. फोटोतले चौदा आणि अकराजणी मी त्याला सांगितल्यापासून झोप नीट नाही म्हणतो. आज त्याने 'ब' खोडून 'क' केलं. त्याचं म्हणणं असं की, "गेल्यावरही दर पहिल्या तारखेला आठवण काढेल. जिवंतपणी कोण काढतंय!"

जाताना हिला म्हणाला, "वहिनी, ऐकलं ते खरं का? तुम्ही मास्तरपेक्षा मोठ्या?" मी कुणाला सांगितलं नव्हतं. हीच सगळ्यांना सांगत सुटलीय. एकतीस वर्षांचं साठलेलं.

३१ मार्च

बाक पुसला. अवजारं गुंडाळली. लांब पट्टी घरी आणली. कुणी मागितली नाही. घरात आता दोन पट्ट्या आहेत. लांबीवर तांबडा ठिपका दिला.

१८ एप्रिल

विमागणिती बाई घरी आल्या, आपल्या वरिष्ठांना घेऊन. त्यांना डोंगर बघायचा होता. वरिष्ठांनीही हात फिरवला. सगळे तेच करतात. मी स्वयंपाकघरात चहाचं बघत होतो. बाहेर हिचं आणि बाईंचं काहीतरी हळू आवाजात चाललं होतं. मी गेलो तशा गप्प. बाई म्हणाल्या, "काकू कपड्यांचं सांगत होत्या."

काकूंना गप्पा मारताना माझी लेथ मध्ये आणल्याशिवाय जमत नाही, हे मला माहीत नाही का!

२ मे

आज हिचा खरा वाढदिवस. एकोणसाठ. साठ लपवू नकोस म्हणून पुढच्या वर्षीची ताकीद आत्ताच देऊन ठेवली. हिने टाचणी काढली, एक घर पुढे टोचली, आणि तिथल्या उंचीवर अंगठा ठेवून जरा वेळ बसली. मी विचारलं नाही.

दुपारी पत्र आलं. विमागणितींच्या संस्थेला डोंगर हवा आहे, त्यांच्या सभागृहात काचेत ठेवायला. उलट टपाली नाही म्हणून कळवलं. कारण लिहिलं, काम शंभराला एक चुकीचं आहे, चुकीचं काम मी विकत नाही. त्यांनी देऊ केले होते तीन लाख वीस हजार, बरोबर त्या लेथचे.